निळी ताडपत्री

आजींनी फोटो हातात घेतला, पदरानं पुसला, ओटीच्या कडेला उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. नुकताच छापून आणलेला बारा बाय अठराचा फोटो, त्यावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं. पण हातात आलेली वस्तू आधी पुसायची आणि मग बघायची, हे त्यांचं आयुष्यभराचं वळण. फोटो त्यांच्याच घराचा होता. ओटी, ओटीचे चार फणसाचे खांब, सकाळचं तिरपं ऊन आणि सारवलेल्या जमिनीवर लांबच लांब पडलेल्या खांबांच्या सावल्या. ऑक्टोबरात काढलेला. त्या वर्षी काढलेल्या सगळ्या फोटोंत मला तोच जमून आल्यासारखा वाटत होता. म्हणून तर आंजर्ल्याच्या अलीकडची ती पाखाडी उतरून, आगरातून वाट काढत, तो द्यायला मी मुद्दाम आले होते. आता त्या काय म्हणतील याकडे माझे कान लागले होते. त्या म्हणाल्या, "ताडपत्री कुठाय गो?"

मी म्हटलं, "ती नाही घेतली, आजी. निळी आहे ना, फार डोळ्यांत येत होती."

"हो, बरी नाहीच दिसत ती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. फोटो त्यांनी पुन्हा एकदा बघितला, कोनाड्यात कॅलेंडरच्या मागे उभा करून ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "साडेचार हजाराला पडली. दापोलीहून आणवली. टेम्पोचे वेगळे."

एवढंच झालं.

परत येताना दाभोळहून धोपाव्याच्या फेरीबोटीत चढले. गाड्यांच्या मधून वाट काढत कठड्याशी उभी राहिले तेव्हा खाडीचं पाणी, पलीकडचा डोंगर, बगळे हे सगळं नेहमीसारखंच होतं, आणि मला मात्र तो साडेचार हजारांचा आकडाच आठवत होता. ती ताडपत्री मी नीट पाहिली होती. घराच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेली, कडेनं नायलॉनची दोरी ओवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर चिऱ्याचे तुकडे आणि दोन जुने टायर. निळा रंग उन्हानं विटून दुधाळ झालेला. त्या सकाळी मी जवळजवळ तासभर तिला टाळण्यातच घालवला होता. विहिरीपाशी उभी राहिले, तर छपराचा अर्धा भाग निळा. मागं सरकले, तर पाठीला पोफळी. शेवटी जास्वंदीच्या झुडपाच्या आडून, छप्पर वर कापून, फक्त ओटी घेतली. तरीही पागोळीपाशी लोंबणारं तिचं एक टोक चौकटीत राहिलंच. ते घरी येऊन संगणकावर पुसलं. पुसताना मला आनंद झाला होता, हे आठवलं आणि जास्तच टोचलं.

मी चिपळूणला राहते, शाळेत शिकवते आणि गेली दहाएक वर्षं, रविवार आणि सुट्ट्या धरून, कोकणातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढते. हौसच ती. सेकंडहँड कॅमेऱ्यावर सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यातच लेन्समध्ये बुरशीची बारीक जाळी धरली तेव्हा कळलं, की या हवेत नुसत्या लाकडालाच नाही, काचेलाही राखावं लागतं. तेव्हापासून कॅमेरा डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. प्रकाशाचंही हळूहळू कळत गेलं. जांभा दुपारच्या उन्हात नुसता लाल ठोकळा दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन आडवं आलं की त्याच्या अंगावरचं एकेक भोक सावलीनं भरतं आणि दगड खडबडीत, जिवंत दिसायला लागतो. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो आणि हवा खात खात कठीण होतो, हे मला एका गवंड्यानं सांगितलं होतं. पावसाळ्यात हाच चिरा काळपट होतो, त्यावर शेवाळ चढतं आणि गडगे पोपटी होतात. असं पाहायची नजर बसली की माणूस तासन् तास एका भिंतीपुढे उभा राहू शकतो.

त्याच शिकण्यात एक गोष्ट न सांगताच शिकले. चौकट स्वच्छ हवी. विजेची तार नको, डिश नको, सिंटेक्सची काळी टाकी नको, वाळत घातलेले कपडे नकोत, पन्हळीच्या जागी बांधलेला पीव्हीसीचा पाइप नको, फुटलेल्या कौलांच्या जागी सरकवलेला पत्रा नको, भिंतीवरचं सिमेंटचं ठिगळ तर नकोच नको. घर जसं बांधलं गेलं तसं दिसलं पाहिजे. त्या फेरीबोटीत उभं राहून मी ही यादी मनात फिरवत होते आणि लक्षात आलं, की यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी ते घर राहतं ठेवण्यासाठी पैसे मोजून, घाम गाळून आणलेली आहे. पाइप नसता तर पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडून माती धुपली असती. पत्रा नसता तर वासा कुजला असता. मी जे काढून टाकत होते, त्याच्याच जोरावर उरलेलं सगळं उभं होतं.

हे कळल्यावर मी माझे जुने फोटो उघडून बसले. दाभोळच्या धक्क्याजवळची अंडा मशीद, आदिलशाहीच्या काळातली, सतराव्या शतकातली. सगळा मुलूख जांभ्याचा आणि ही मात्र काळ्या दगडाची, नक्षीदार, माथ्यावर तो गुळगुळीत घुमट. आसपास जाळी, दोऱ्या, होड्यांचं सामान पडलेलं असतं. माझ्या फोटोत त्यातलं काहीही नाही. रत्नागिरीचा थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ साली पदच्युत करून देशाबाहेर काढलं, तो या राजवाड्यात राहायला आला १९१० मध्ये आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. म्हणजे राजाला त्या वास्तूत सहाच वर्षं मिळाली. पुढं तिथं सरकारी वापर झाला, आता वस्तुसंग्रहालय आहे. राजा गेल्यावर तिचं दार उघडं राहिलं ते त्या रुक्ष वापरामुळे. माणसांची ये-जा राहिली, केर निघत राहिला, फुटलेली काच कुणीतरी बदलत राहिलं. माझ्या फोटोत मात्र ढगाळ आकाशाखाली कमानींची एक उदास रांग आहे, जणू राजा कालच गेला. तो फोटो मला अजूनही आवडतो, हेही सांगते.

रेवदंड्याला गेले होते तेव्हा यातलं काही करावं लागलं नव्हतं. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या मधूनच सातखणी मनोऱ्याचं उरलेलं अंग वर आलेलं दिसतं. तिथं प्रत्येक चौकट स्वच्छ मिळते. पडक्या भिंतीवर कुणी पत्रा सरकवत नाही, कुणी पाइप बांधत नाही. अवशेष देखणे दिसतात याचं कारण त्यांची काळजी घेणारं घरातलं कुणी उरलेलं नसतं, आणि मी आजींचं राहतं घर त्याच नजरेनं बघत होते. फोटोत मी त्यांना त्यांच्याच घरातून काढून टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट त्या फोटोत होती. ती आजींनी पाहिली की नाही, मला माहीत नाही. कॅमेरा जरा वर रोखला की भिंती आणि खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले दिसतात. ते संगणकावर सरळ करून घेतात. मी नेहमी करते. त्या फोटोत एक खांब सगळं सरळ करूनही वाकडाच राहत होता, म्हणून मी तेवढाच भाग वेगळा ओढून ओळंब्यात आणला. नंतर ओटीवर चहा पिताना पाठ टेकायला गेले आणि दिसलं, की खांब खरोखरच बाहेर झुकलेला आहे. मागच्या बाजूनं त्याला बांबूचा टेकू होता. माझ्या फोटोत तो खांबाआड झाकला गेला होता.

माझं आजोळ गुहागरकडचं. तिथंही असंच घर होतं. पुढं खळं, मग पडवी, ओटी, माजघर, काळोखी देवघर, मागच्या पडवीत जातं, परसात रहाट. मे महिन्यात माजघराच्या जमिनीवर पालथं पडलं की पोटाला गार लागायचं आणि शेणाचा, कैऱ्यांचा, जुन्या गोधड्यांचा मिळून एक वास यायचा. घराच्या उताऱ्यावर अकरा नावं होती. मामा, मामेभाऊ, पुण्यातल्या मावश्या, एक कुणीतरी बडोद्याला. कौलं परतायची तर कुणी पैसे द्यायचे, यावर दोन वर्षं पत्रं चालली. एका पावसात आढं खचलं. मग खांब, तुळया, दरवाजे जुनं लाकूड घेणाऱ्याला दिले आणि ते पैसे अकरा जणांत वाटले. मलाही आईच्या वाट्यातले काही मिळाले. त्यांचं मी काय केलं ते मला आठवत नाही, आणि हे आठवत नाही याचं वाईट वाटतं.

त्या घराचा एकही फोटो नाही. म्हणजे घराचा असा नाही. घरापुढे उभ्या असलेल्या माणसांचे आहेत. मावशीचं लग्न, मामाची मुंज, आजोबांच्या एकसष्टीला ओटीच्या पायऱ्यांवर तीन रांगांत बसवलेलं अख्खं कुटुंब. घर त्यात डोक्यांच्या मागे, खांद्यांच्या मधल्या फटीत, कुणाच्या तरी टोपीच्या वर. त्या काळी कुणालाच वाटलं नसेल, की घराचाही फोटो काढायला हवा. घर कुठं जाणार होतं? हा अल्बम चिपळूणला माझ्याकडे होता, खालच्या कपाटात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं ते कमरेच्या वर. तिसऱ्या दिवशी चिखलातून अल्बम काढला तेव्हा पानांची वीट झाली होती. चिकटलेले फोटो कोरडे झाल्यावर ओढायचे नसतात. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात बुडवून, आपोआप सुटतील तसे सोडवायचे असतात. प्यायलाच पाणी नव्हतं, त्यात मी एक बादली त्यासाठी बाजूला काढली. त्यावरून घरात बोलणं झालं, पण काढली. सोळा फोटो वाचले. पंख्याखाली वर्तमानपत्रावर ते मांडून ठेवले, आणि तेव्हा पहिल्यांदाच मी माणसं सोडून घर बघायला लागले. एका फोटोत मावशीचा चेहरा पूर्ण विरघळून गेलाय आणि तिच्या मागे गजाची खिडकी अगदी स्पष्ट आहे. त्या खिडकीत कुणीतरी डालड्याचा डबा ठेवलेला आहे. आज तो डबा मला त्या खिडकीइतकाच मोलाचा वाटतो.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, म्हणजे ही कला आपल्याकडे तशी लवकरच आली. त्या काळातले लेण्यांचे, देवळांचे फोटो पाहिले तर पुष्कळदा खांबाशी एक माणूस उभा केलेला दिसतो. तो तिथं असतो खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचं नाव कुठं नसतं. माझ्या आजोळच्या फोटोंत माणसांपुढे घराला कुणी विचारलं नाही, आणि या जुन्या फोटोंत माणूस नुसतं माप झाला. मी वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन हिंडले ती यातल्या दुसऱ्याच वाटेनं, आणि माप म्हणूनसुद्धा कुणाला उभं केलं नाही.

निसर्ग चक्रीवादळाविषयी आजी एकदाच सविस्तर बोलल्या. ३ जून २०२०, बुधवार. सकाळपासून वारा होता, दुपारी त्याचा आवाज बदलला. त्या आणि शेजारची सून देवघरात बसून होत्या. "पोफळी पडताना कळत नव्हत्या, एवढा आवाज," त्या म्हणाल्या. "कौलं उडताना मात्र कळत होती. एकेक." संध्याकाळी बाहेर आल्या तेव्हा आगरातून थेट समुद्र दिसत होता. जन्मात कधी ओटीवरून समुद्र दिसला नव्हता. लॉकडाऊन होता, मुलगा विरारला अडकलेला, वीज महिनाभर नव्हती, पत्रे मिळेनात आणि कौलं तर नाहीतच. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. मग ही चापट कौलं किनाऱ्यानं सगळीकडे आली आणि कुंभाराचे नळे मागे पडले. आता चापट कौलांचीही तीच गत. कुणाचं घर पाडलं असेल तर तिथून जुनी उचलायची. आजींकडे परसात अशी दीडशे कौलं रचून ठेवलेली आहेत. "ह्या माळेवरची आमची, त्या माळेवरची पडलेल्या देशमुखी वाड्यातली," असं त्या ओळख करून दिल्यासारखं सांगतात.

मी विचारलं, "आजी, मुलाकडे का नाही जात?" विचारताक्षणीच वाटलं, नको होतं विचारायला. त्यांनी चुलीकडे बोट केलं. गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी त्या रोज चुलीवरच तापवतात. "घराला धूर लागतो गो. धूर बंद झाला की वाळवीला कळतं." वर काळी कुळकुळीत तुळई होती, काजळीनं चकाकणारी. मी कितीतरी बंद घरांत त्या पांढरट, भुसा गळणाऱ्या वाशांचे फोटो काढले आहेत, त्यांच्यावरच्या रेघा किती सुंदर दिसतात म्हणून. शिमग्याला पालखी येते, तेव्हा ओटी सारवलेली हवी. गणपतीला मुलगा-सून-नातवंडं येतात, तेव्हा माजघर कोरडं हवं. अशा एकेका तारखेपर्यंत घर ओढून न्यायचं. पुढच्या तारखेचं पुढं.

यंदा मे महिन्यात पुन्हा गेले. ताडपत्री सगळ्यांना दिसेल असा फोटो काढायचा, हे मनात ठरवूनच गेले होते. विहिरीपाशी उभी राहिले आणि सगळं घर घेतलं: निळं छप्पर, टायर, दोरी, बांबूचा टेकू, दोरीवरची आजींची दोन पातळं. फोटो ठीक आला. खरं सांगायचं तर ऑक्टोबरातल्या फोटोसारखा नाही आला. तो निळा रंग अजूनही माझ्या डोळ्यांत खुपत होता आणि खुपतो याची लाज वाटत होती. आजींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि लगेच विचारलं, "हा डबा अंधारात चालतो का?"

मुलगा पुढच्या महिन्याभरात ताडपत्री काढून छप्पर नीट करून घेणार होता. सुतार ठरला होता. वासे किती बदलायचे, किती लांबीचे, हे कळलं तरच लाकूड सांगता येणार होतं, आणि मुलाला सुट्टी नव्हती. म्हणून आजी मला पूर्वेकडच्या खोलीत घेऊन गेल्या. पूर्वी तिथं भाताच्या कणग्या असायच्या. तिला माळा नाही. मान वर केली की थेट वासे, रिपा आणि त्यांच्यावर ताडपत्रीतून झिरपलेला निळसर उजेड. कोंदट वास येत होता. आजी काठीचं टोक वर करून दाखवत होत्या: "ह्याचा काढ. हा वरून बरा दिसतो, टोकाला गेलाय. ह्याचा नको, हा ऐनाचा आहे, हा मला पुरून उरेल. ह्याचा काढ." मी कधी फ्लॅश वापरत नाही. त्या दिवशी वापरला. सपाट, पांढरे, सावलीचा पत्ता नसलेले तेवीस फोटो काढले. कुजलेलं लाकूड, त्यावर टेकवलेलं काठीचं टोक आणि कोपऱ्यात कधी आजींचं मनगट, बांगडीसकट.

खोलीत रेंज नव्हती. विहिरीपाशी एक कांडी येते. तिथं जाऊन फोटो मोबाइलवर घेतले आणि मुलाला पाठवले. दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. फोटो छान, आवडले, असं काही नव्हतं. त्यानं विचारलं होतं: "चार नंबरच्या फोटोतला वासा पूर्वेकडून कितवा?"

मी पळत आत गेले. आजींनी काठी उचलली, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेका वाशाला हलकेच टोचत मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. चौथ्याला टोचल्यावर थोडा भुसा त्यांच्या केसांत पडला, तो त्यांनी झाडला नाही. मी टॉर्च धरून मागून चालत होते.

"सातवा," त्या म्हणाल्या. "आणि थांब, हा अकरावापण. दोन्ही लिही."